मुक्त केलेली शेपटी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
माळवाडी वनपरिक्षेत्र, जि. कोल्हापूर.

विषय : जनावर समजून जंगलात सोडलेली कापडी शेपटी परत मिळणे, अथवा त्या नोंदीची प्रमाणित प्रत मिळणेबाबत.
संदर्भ : माझा दि. ५/१०/२०२५ सायंकाळचा फोन व आपल्या नोंदवहीतील त्याच दिवसाची नोंद.

महोदय,

चूक माझ्या तोंडून गेलेल्या एका शब्दाची आहे, हे आधीच लिहून देते.

१. मी पती यशराज, दोन वर्षांची मुलगी अवनी व धाकटे दीर धैर्यशील (वय २३) यांच्यासह खालील पत्त्यावर राहते. दि. ५ रोजी सायंकाळी सात वाजता वीज गेलेली असताना अवनीला कडेवर घेऊन मी गच्चीवरचे कपडे आणायला गेले. टाकीमागे दोन पायांवर उभे, केसाळ, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे काहीतरी दिसले. मी ओरडत खाली आले, दाराला कडी घातली आणि आपल्या मदत क्रमांकावर "गच्चीवर जनावर हाय, लवकर माणूस पाठवा" असे कळवले. घाबरले की मी माहेरचे, म्हणजे शिरोळचे बोलते. आमच्याकडे तिन्हीसांजेला सापाचे नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. आपण सर्पमित्र पाठवलेत, यात आपला काही दोष नाही.

२. टाकीमागे माझे दीर होते. माझा आवाज ऐकून ते मुखवटा व अंगरखा काखेत मारून दुसऱ्या जिन्याने उतरले. शेपटी मागे राहिली. सर्पमित्र श्री. आदर्श यांची बॅटरी मिणमिणती होती. त्यांनी काठीने शेपटी उचलून पिशवीत घातली. "लई मऊ लागतंय, कात टाकायला आलं असणार. वैनी, दार लावून घ्या," असे सांगून ते गेले व अंधारातच पिशवी जंगलात उलटी केली.

३. दीर एका खाजगी कंपनीत संगणकाचे काम करतात. फावल्या वेळात ते 'फरी' आहेत. ही मंडळी माणसासारखे बोलणारे-चालणारे प्राणी कल्पून त्यांची चित्रे काढतात, पोशाख शिवतात व वर्षातून एकदोनदा जमतात. दिरांचे पात्र उदमांजराचे आहे. आपण खरेच उदमांजर आहोत असे त्यांना वाटत नाही. मी तसे व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून घेतले असून "नाही वहिनी" असे उत्तर आले आहे. पोशाख त्यांनी आठ महिने खपून हाताने शिवला.

४. शेपटीची गोष्ट इमारतीत फुटली. चेअरमन श्री. गणपतराव जिन्यात दिरांना अडवून "काय पावणं, आज तांबडा का पांढरा?" असे विचारू लागले. तळमजल्यावरच्या चिमणाबाईंनी "पोराला खायला काय घालता गं, दूध का मटण?" अशी चौकशी केली व एकदा जोतिबाला नेऊन आणा असे सुचवले. दि. १२ च्या सभेत, इमारतीत प्राणी पाळण्यास मनाई असल्याचा नियम क्र. ९ दाखवून, सदनिका क्र. ६ मधील प्राण्याचा पंधरा दिवसांत बंदोबस्त करावा अशी नोटीस आम्हांला देण्यात आली. तिच्यात प्राण्याच्या लसीकरणाचा दाखलाही मागितला आहे. दिरांचे कोविडचे दोन्ही डोस झाले आहेत. तो दाखला मी जोडला, तो स्वीकारला नाही.

५. इमारतीला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. इंटरनेटवर या लोकांविषयी नको नको ते लिहिलेले मी आधी वाचले आणि दिरांना नंतर विचारले. मधले सहा दिवस अवनी त्यांच्याकडे झेपावली की मी तिला ओढून घेत होते. सातव्या दिवशी ते मुखवटा पोत्यात घालून गडमुडशिंगीला मामांकडे राहायला गेले. फोन उचलत नाहीत.

६. आपल्या कार्यालयात चौकशी केली असता, मुक्त केलेले जनावर परत पकडायला वरिष्ठांची परवानगी लागते असे सांगण्यात आले. तरी ती मिळावी. ओळख : लांबी साडेतीन फूट, टोक पांढरे, दुसऱ्या टोकाला पट्टा व बक्कल. हाक मारल्यास येणार नाही.

७. शेपटी न मिळाल्यास निदान नोंदीची प्रत गोल शिक्क्यासह द्यावी. "जनावर एक. बिनविषारी. कोणास इजा नाही. स्वभाव शांत," असे आपल्या लिपिकांनी मला वाचून दाखवले. दिरांविषयी असे लिहिलेला दुसरा सरकारी कागद आमच्याकडे नाही. मजकुरात दुरुस्ती नको.

एक प्रत सोसायटीच्या फलकावर लावीन. दुसरी घेऊन रविवारी अवनीसह गडमुडशिंगीला जाणार आहे. प्रत मिळाली नाही तरी जाणारच आहे. पण दारात उभे राहून आधी काय बोलावे ते मला अजून सुचलेले नाही. हातात कागद असला तर बरे पडेल.

आपली,
सौ. स्नेहल यशराज चौगुले (बी.एस्सी.)
सदनिका क्र. ६, मातृछाया अपार्टमेंट, कोल्हापूर.
दि. १४/१०/२०२५

सोबत : १) सोसायटीची नोटीस. २) शेपटीचे छायाचित्र, दिरांसह. ३) उरलेल्या कापडाचा तुकडा (रंग जुळवण्यासाठी, कुत्र्याला वास देण्यासाठी नव्हे).