डोलकाठीवरून उडी मारणाऱ्या बाईची सात रिळे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सहासष्ट, अविवाहित, चाळीस वर्षे चित्रपटांची रिळे तपासून जोडण्याचे काम केलेली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे कुरकुरतात, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. रस्त्याकडची खोली, जोडकामाचे टेबल, भिंग आणि पांढरे हातमोजे पुतणीला. भिंग कोणाला उसने देऊ नये, परत येत नाही.

२. समुद्रावरच्या मूकपटाची सात रिळे. सहा वर्षांपूर्वी जुने थिएटर पाडताना तिथल्या ऑपरेटरचा फोन आला, "बाई, पडद्यामागं डबे सापडलेत. भंगारवाला दारात उभा आहे, लवकर या." मालकाने डबे मला लिहून दिले. फिल्म ठिसूळ झाली होती, दुरुस्तीला दोन वर्षे लागली.

गोष्ट एका कप्तानाची आणि त्याच्या प्रेयसीची. जहाज पेटते आणि ती डोलकाठीवरून समुद्रात उडी घेते. ही उडी नायिकेनेच मारली, असे पुस्तकांत छापून आले आहे. ते खोटे आहे. नायिका ऐन वेळी घाबरली. दिग्दर्शक ओरडला, "अरे, कोणी आहे का उडी मारणारं?" कपडे शिवायला ठेवलेल्या माझ्या आईने सुई खाली ठेवली. मी सहा वर्षांची होते, दहा वर्षांच्या भावाचा हात धरून धक्क्यावर उभी. पाचव्या रिळात दोर धरलेल्या डाव्या हाताला करंगळी नाही. आईची करंगळी गिरणीत गेली होती. नायिकेची दहाही बोटे शाबूत होती.

रिळे चित्रपट संग्रहालयाला द्यावीत. अट एकच. आईचे नाव नायिकेच्या नावाखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत यावे. नायिकेच्या वारसांनी "हा विषय वाढवू नये" असे पत्र पाठवले होते. मी वाढवणार. अट मान्य नसेल तर रिळे दुसऱ्या संग्रहालयाला द्यावीत.

३. मागची खोली थोरल्या भावाला, कारण त्याचे छप्पर गळते. लग्न ठरल्यावर त्याने आईचे सिनेमातले फोटो जाळले आणि सासरच्यांना सांगितले, "आई घरीच असायची." हे मी माफ केलेले नाही.

सहीपूर्वीची भर: हे सर्वांसमोर वाचून दाखवल्यावर भावाने पेन मागून घेतले. मग म्हणाला, "साक्षीदार म्हणून मी सही करतो."

वकीलबाई म्हणाल्या, "काका, साक्षीदाराला या कागदातून काही घेता येत नाही. खोली जाईल."

"जाऊ दे. तो दिवस पाहिलेले आता आम्ही दोघंच उरलोय."

म्हणून कलम तीनमधली खोली मी खोडली, तीही पुतणीला. माफीचे वाक्य खोडलेले नाही. त्यानेही खोडायला सांगितले नाही.

ठिकाण: माझे राहते घर
दिनांक: १४ मार्च १९८७
सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
१. थिएटरचा निवृत्त ऑपरेटर. सही.
२. थोरला भाऊ, निवृत्त शिक्षक. सही. त्याखाली त्याच्याच अक्षरात: "मी धक्क्यावर होतो. उडी आईनं मारली."