जुन्या पत्त्यावर

अल्डर क्रीक, मिशिगन
५ डिसेंबर २००४, रविवार

प्रिय आर्वो,

तू, जेनेट आणि मुली मजेत असाल. आम्ही बरे आहोत. बर्फ लवकर आलं. तुझ्या मेहुण्याचा, कार्लचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, तरी शनिवारी वाफेच्या अंघोळीची सौना तापवायला तोच पुढे. बाबा ऑगस्टपासून आमच्याकडेच राहतात. कॉफी पातळ झाली म्हणून रोज सकाळी माझ्याशी भांडतात, म्हणजे तब्येत चांगली आहे.

लान्सिंगला राज्याच्या नियामक आयोगासमोर झालेली तुझी साक्ष पेपरात वाचली. चार ओळी होत्या. इंटरनेटवरच्या फोनला राज्याचे टेलिफोनचे नियम लावावेत की नाहीत यावर सुनावणी झाली, एका कंपनीच्या अभियंत्यानं विरोध केला, एवढंच. पण तू छान बोललास. शेजारच्या लिगायाबद्दल तुला मागे लिहिलं होतं ना, वृद्धाश्रमातली नर्स? तिच्या लेकी फिलिपिन्समध्ये आजीकडे असतात. तुमच्या कंपनीचा तो इंटरनेटवरून फोन लावायचा डबा घेतल्यापासून ती रविवारी फोन लावून स्वयंपाकघरात ठेवून देते. इकडे ही भाजी चिरते, तिकडे मुली अभ्यास करतात, मधूनच एखादी ओरडते, "आई, हिनं माझं पेन घेतलं!" पूर्वी तीन मिनिटं बोलायचं तर ती आधी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवायची. साक्षीत तू अशाच माणसांबद्दल बोललास. पन्नास राज्यांचे पन्नास नियम आले तर लहान कंपन्या टिकणार नाहीत, आणि मग ही माणसं पुन्हा गप्प होतील, म्हणालास. मी नियमांच्या बाजूची, तुला ठाऊकच आहे. तरी लिगायाकडे बघून हे पटतं.

तो तपकिरी कोट मात्र आता टाकून दे. कोपरावर विरलाय.

हो. पेपरात फोटो नव्हता. मी तिथं होते, आर्वो. शेवटच्या रांगेत, खांबामागे. तुला भेटले नाही कारण मी एकटी नव्हते.

बाबा सोबत होते.

पंधरा नोव्हेंबर होता हे लक्षात घे. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस! मला आठवतंय तेव्हापासून बाबांनी तो दिवस कधी घरात काढला नाही. आईच्या ऑपरेशनच्या वर्षीसुद्धा पहाटे दोन तास जाऊन आले होते. आणि यंदा आदल्या आठवड्यात जेवताना म्हणतात, "इल्मा, मला लान्सिंगला ने. तिथं लोकांना बोलू देतात. मला बोलायचंय." कार्लनं घास हातातच ठेवला. "बाबा, सोमवारी?" "हरणं पुढच्या वर्षीही असतील," बाबा म्हणाले.

ते तुझ्याविरुद्ध बोलायला निघाले होते. लपवून काय उपयोग? त्या ईस्टरला तुझ्या नोकरीवरून तुमचं जे भांडण झालं, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. "तार नाही, खांब नाही, अर्धा फोन विकतो माझा मुलगा," हे मी किती वेळा ऐकलंय. आयुष्यभर त्यांनी सहकारी टेलिफोन संस्थेच्या तारा ओढल्या. राज्यानं सक्ती केली म्हणून कुठल्या कुठल्या शेवटच्या घरापर्यंत खांब गेले, असं ते सांगतात. गाडीत सबंध रस्ता भाषण घोकत होते. पूल ओलांडताना वारा गाडी हलवत होता, तरी यांचं चालूच.

मग तू उभा राहिलास. त्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "मिस्टर कांगस, ग्राहक घर बदलतो. तुमचा डबा सोबत नेतो. नव्या घरात आग लागली आणि त्यानं मदतीसाठी ९११ लावला, तर बंब कुठे जाईल?" तुमचा वकील उठला, म्हणाला, कंपनी याचं लेखी उत्तर देईल. तू त्याच्याकडे बघितलंसही नाहीस.

"जुन्या पत्त्यावर," म्हणालास.

"ग्राहकाला हे माहीत असतं?"

"करारात बारीक अक्षरात असतं. म्हणजे नसतं."

"मग राज्यानं नियम करावेत, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही. मला अजूनही ते नकोच वाटतात. पण तुम्ही विचारलंत ते खरं आहे. आणि ते आम्हीच दुरुस्त करायला हवं होतं, तुम्ही विचारायच्या आधी."

तू बाजू बदलली नाहीस आणि खोटंही बोलला नाहीस. मी नियमांच्या बाजूची, पण त्या दिवशी त्या खोलीत माझ्या बाजूच्या कुणाहीपेक्षा तू मला मोठा वाटलास. वकील तुला दंडाला धरून बाजूच्या दारानं घेऊन गेला. म्हणून पुढचं तुला माहीत नाही.

बाबांचं नाव पुकारलं. ते काठी टेकत पुढे गेले, माईककडे संशयानं बघितलं. घोकलेलं भाषण त्यांनी बाजूलाच ठेवलं. मग म्हणाले, "मी वाइनो कांगस. मघाशी बोलला तो माझा मुलगा. त्याला वाटतं नियम नकोत, मला वाटतं हवेत. त्यानं सांगितलं त्यात मला भर घालायची नाही. एवढंच सांगतो, उद्या कंपनीनं याला काढून टाकलं, तर त्या कंपनीवर नियम हवेतच."

लोक हसले. बाबा नाही हसले.

जेनेटनं मला सगळं सांगितलंय. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. त्याच आठवड्यात शुक्रवारी तुला नोकरीवरून काढलं, आणि दोन आठवडे झाले तरी तू आम्हाला कळवलं नाहीस. बाबांना मी सांगितलं तेव्हा ते बाहेर जाऊन दुपारभर लाकडं फोडत बसले. त्यांना लाकडं फोडायची मनाई आहे.

आयोगाचा निकाल यायचाय. कसाही लागला तरी वर कोर्टात जाणार, असं सगळे म्हणतात. पण परवा लिगाया धावत आली. तुमच्या कंपनीतून फोन आला होता तिला, "तुम्ही अजून त्याच घरी राहता का? आग, अपघात झाला तर मदत तिथंच पाठवायची ना?" एकेका ग्राहकाला फोन करून विचारतायत म्हणे. तुला काढून टाकलं आणि तुझंच ऐकलं. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कॉफी पातळ आहे."

नाताळला या. मुलींना घेऊन या. नोकरीचं पुढे बघू. बाबा तुला बोलावणार नाहीत, फोनही करणार नाहीत, तो स्वभाव तुझ्याकडेही आलाय. पण तू केलास तर उचलतील. मी काही विचारलेलं नाही. एवढंच बघतेय, की हल्ली घरातला फोन वाजला की काठी न घेताच माझ्या आधी उठतात.

तुझ्या बाजूची नसलेली, पण तुझीच,
इल्मा