जिन्यामागची भिंत

३ मार्च

प्रिय भाऊजी,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र बाजूला सारू नका. घरी सगळे बरे असाल. माझं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना विचारतंय कोण.

तुम्ही दोघा भावांनी ज्या जुन्या हवेलीचं सुतारकाम केलंत, तिथे आता समाजकेंद्र चालतं. मी तिथल्या वाचनालयात पुस्तकं लावते. शाळा चौथीपर्यंतच, पण वाचते खूप, म्हणून चिटणीसबाईंनी दारातल्या फलकासाठी हवेलीचा इतिहास माझ्याकडूनच लिहून घेतला. व्यापाऱ्याने बांधली, मग दवाखाना झाला, मग वीस वर्षं कुलूप. शेवटी मी लिहिलं, ‘दुरुस्तीच्या वेळी परांची कोसळून एक सुतार गेला. भावाने दोर कच्चा बांधला होता.’

बाई म्हणाल्या, “हे फलकावर कशाला?”

“खरं आहे म्हणून,” मी म्हटलं.

काल जिन्यामागची फळी वाळवीने खाल्ली म्हणून काढली. तुमची रीत मला ठाऊक आहे. उंचावर चढायची परांची दोघांनी बांधायची, आणि फळीमागे झाकल्या जाणाऱ्या भिंतीवर दोघांनी पेन्सिलीने ‘बांधली’ असं लिहायचं. तिथे हे गेले त्या दिवसाची तारीख होती. खाली ह्यांचं अक्षर. ‘बांधली. थोरला. धाकटा यायचाय, थांबलो नाही.’

तुमचं अक्षर नव्हतंच.

मी तिथेच पायरीवर बसले. कोणी पाणी दिलं, ते पदरावर सांडलं. पुन्हा वाचलं, पहिलीतल्या मुलासारखं, बोट ठेवून.

तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, “वहिनी, दोर मी बांधला.” मी म्हटलं, “वहिनी म्हणू नका. मेली ती.” तुम्ही मान खाली घालून गेलात. आणि पुढच्या आठवड्यात राहिलेलं काम एकट्याने पुरं केलंत. म्हणजे हे वाचून त्यावर फळी ठोकलीत.

का हो? ह्यांच्यावर मी चिडू नये म्हणून? चिडले असते. आत्ताही चिडलेय. घाई तर त्यांच्या पाचवीलाच पुजलेली. पण चिडूनही रडलेच असते ना. तुमच्याजवळ बसून रडले असते.

फलकावरची ती ओळ खोडली. तिथे काय लिहायचं, सुचत नाही.

नवी फळी घेऊन सुतार आला होता. म्हणाला, “मावशी, भिंत उघडी किती दिवस ठेवायची?”

मी म्हटलं, “धाकटा यायचाय. मी थांबतेय.”

तुमची,
वहिनी