एवेलिओचा झुला

१२ मार्च
यामिले, मी बोलते तसंच लिही. सुधारायचं नाही!

परदेशी मदतीतून गावाला पंचायतीचं घर मिळणार. अट एकच — जागा गावानं ठरवायची, आणि समितीत सगळे हवेत. ज्यांची माणसं गेली ते, आणि ज्यांच्या हातात तेव्हा बंदुका होत्या तेही. मदतवाल्यांची मार्लीन म्हणाली, "सेला मावशी, एकत्र बसायला शिकायचंय." म्हटलं, "पोरी, बसायला येतं आम्हाला. उठल्यावर एकमेकांचा गळा धरू नये, तेवढं शिकव."

माझ्या शेजारी ओव्हिदिओला बसवलं. बंदूक टाकून आलेला, आता मधमाश्या पाळतो. माझ्याकडे बघेचना. "काय रे, जिभेला माशी चावली का?" तर मान खाली!

१५ मार्च
बेपत्ता माणसं शोधणाऱ्या बाया आल्या. ज्याचं कुणी हरवलंय त्यानं काडीवर थुंकी द्यायची. पुढं हाडं सापडली तर जुळवून बघतात म्हणे. मी दिली एवेलिओसाठी, माझ्या लेकासाठी. यामिलेनं दिली, तिचा बापच तो.

रांगेत मागं कोण? ओव्हिदिओ! त्याचा धाकटा भाऊ लिबार्दो, तोही त्यांच्यातच होता. दक्षिणेच्या तुकडीत धाडला म्हणाले, तो आलाच नाही.

"तुमचीही माणसं हरवतात होय रे?"

"हरवतात, मावशी."

टोमणा माझाच, पण लागला मलाच.

२ एप्रिल
जागेचं मत. मार्लीननं रंगीत कागद आणलेले. ते ठेवले बाजूला. आमच्याकडे तुंब्यात दाणे टाकतात — मका म्हणजे हो, काळा घेवडा म्हणजे नाही. मोठ्या सेइबाच्या झाडाखालचं मैदान ठरलं. तुंबा उपडा केला तर सगळा मका, आणि त्यात घेवड्याचा एकच दाणा.

ओव्हिदिओ उभा राहिला. "तिथं खोदू नका."

"का?"

"माती बरी नाही."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी! "मधमाश्यांचा वैद्य आता मातीची नाडी बघतो!"

तो हसला नाही.

३ एप्रिल
थांबू नको, लिही, पोरी.

सकाळी युकाचे कंद सोलत होते. ओव्हिदिओ दारात, टोपी हातात. म्हटलं, आलास तर बस. तो बसला नाही. आत एवेलिओचा झुला टांगलेला असतो, त्याकडे बघत राहिला. एवेलिओला वाट दाखवायला म्हणून बंदूकवाल्यांनी बोलावून नेलं त्या सकाळपासून त्या झुल्यात कुणी बसलेलं नाही. मी दर शनिवारी धुते, परत टांगते.

"मावशी, सेइबाखाली एवेलिओ आहे."

मी म्हटलं, "तू?"

"नाही. त्याला नेलं त्या दिवशी मी वाटेवर पहाऱ्याला होतो. गोळी ऐकली. कमांडर म्हणाला, गावातला खबऱ्या होता, संपवला. लांबून खड्डा खणताना बघितलं. सतरा वर्षांचा होतो मी."

सुरी माझ्या हातात. त्यानंही ती पाहिली. हलला नाही.

मी युका सोलत राहिले. सोललेलीच परत सोलत राहिले.

४ एप्रिल
काही नाही.

२० एप्रिल
हाडं निघाली. मुळांनी घट्ट धरून ठेवलेली.

शोधणाऱ्या बाया म्हणाल्या, "तपासणी होऊ द्या, मावशी. घाई नको." घाई! एकोणीस वर्षांनंतर मला म्हणतात घाई! देह नव्हता म्हणून मेलेल्यासाठी जागतात त्या नऊ रात्री मी त्याच्यासाठी कधी घातल्या नाहीत. घातल्या असत्या, तर मीच त्याला मारला असं झालं असतं. आता कळलंय. आता त्याचा आत्मा तहानलेला का ठेवू?

टेबलावर त्याचा सदरा ठेवला, मेणबत्त्या लावल्या, पाण्याचा पेला भरला. संध्याकाळपर्यंत थोडं पाणी कमी झालं. लोक म्हणतात, उन्हानं. म्हणोत.

२९ एप्रिल
नऊ रात्री झाल्या. सारं गाव आलं — जपमाळ, डोमिनो, कॉफी, चहाड्या. ओव्हिदिओ रोज यायचा, पण बाहेर आंब्याखालीच. मीच कॉफी नेऊन दिली.

"पी. विष नाही घातलं."

"घातलं असतंत तरी प्यालो असतो, मावशी."

हे काय बोलणं झालं!

आज पहाटे मांडणी उचलली. शेवटी पेल्यातलं पाणी उंबऱ्याबाहेर फेकायचं आणि नाव घेऊन निरोप द्यायचा. हे घरचं माणूस करतं. मी ओव्हिदिओला आत बोलावलं. "तू त्याला दडवून ठेवलंस. आता तूच वाटेला लाव."



त्यानं पेला उचलला. "एवेलिओ, जा. आता थांबू नकोस." अर्धं पाणी स्वतःच्याच पायांवर सांडलं.

मार्लीन रडत होती. फोटोचं यंत्र काढलं. म्हटलं, "फोटो काढलास तर कोंबडा सोडीन अंगावर!"

ते गेल्यावर झुला उतरवला. घडी घातली. भिंतीवर नुसते टांगायचे आकडे उरले.

१६ जून
पंचायतीचं घर आता ओढ्याकाठी. या वेळी तुंब्यात घेवडा नाही. ओव्हिदिओ पाया खणायला सगळ्यांच्या आधी हजर. आता माझ्याकडे बघतो. मध आणून दिला, कडूच निघाला. तसं सांगितलं, तर पहिल्यांदा हसला.

९ ऑक्टोबर
शोधणाऱ्या बाया आल्या. मला आधी खुर्चीवर बसवलं. बसवून बोलतात तेव्हा चांगलं काही नसतं.

ती हाडं एवेलिओची नाहीत.

माझ्या थुंकीशी जुळत नाहीत, यामिलेच्याही नाहीत. मी म्हटलं, परत बघा. त्या म्हणाल्या, तीनदा बघितलं. "मग कुणाची?" सांगेनात. ते ज्याचं त्यालाच आधी सांगायचं असतं म्हणे. जाताना बाहेर यामिलेला विचारलं — ओव्हिदिओचं घर कुठलं?

मी अनवाणीच मागं धावले.

तो मधमाश्यांच्या पेट्यांपाशी, तोंडावर जाळी. बाया बोलत होत्या. जाळीतून चेहरा दिसेना. माश्या हातावर चढत होत्या, त्यानं झटकल्या नाहीत.

"मी पहाऱ्यावर होतो," एवढंच म्हणत होता. "गोळी ऐकली मी. वाटेवरच होतो. तो दक्षिणेला गेला म्हणाले."

मग मला बघितलं. "मावशी, मी लिबार्दोला दुसऱ्याच्या नावानं घालवला."

१० ऑक्टोबर
एवेलिओ आजपासून पुन्हा मेलेला नाही, नुसता हरवलेला. झुला परत टांगला.

टेबलावर पेला भरून ठेवलाय, लिबार्दोसाठी. चुकलेल्या नावानं गेलेला फार लांब गेला नसेल. ओव्हिदिओ आंब्याखाली जाऊन बसला होता. हाताला धरून आत आणला. नऊ रात्री जागायचंय, त्याला पाठ टेकायला काही हवं. घरात झुला एकच आहे.