हललेले फोटो

प्रिय योगीराज,

पाकिटावर माझं अक्षर बघून चक्रावला असशील. रोज व्हॉट्सॲपवर नाण्यांचे फोटो टाकून तुझं डोकं खाणारा माणूस एकदम टपालाकडे कसा वळला? कारण सांगतो, पण शेवटी. मधूनच उठून शेवटचं पान वाचू नकोस, तुझी ती खोड मला होस्टेलपासून माहीत आहे.

गेल्या महिन्यात पाठवलेल्या पाचही शिवराई नाण्यांवर तुझा एकच शेरा होता, की फोटो हललाय, झीजच दिसत नाही, प्रत काय लावू, कपाळ? मला राग आला रे. विमानाच्या कारखान्यात केसाएवढी फट मोजण्यात माझा जन्म गेला, आणि तू मला स्थिर हात शिकवणार? मी सरळ मेट्रोवर खापर फोडलं. आमच्या व्हाइटफील्डच्या बिल्डिंगमागून ती धडधडत जाते, तिचे हादरे येत असणार. खालच्या मजल्यावरच्या नागराजला विचारलं, तर तो म्हणाला, इल्ला सार, आमच्याकडे पेलासुद्धा हलत नाही. मग मी स्टँडला दोष दिला. कोपऱ्यावरच्या दगडवाल्याकडून कडाप्पा आणला, जेवणाच्या टेबलावर मांडला, वर कॅमेरा बसवला. खोलीत अंधार केला, दिवा एका बाजूने लावला. समोरून उजेड टाकला की जुनं तांबं गुळगुळीत आणि शहाणं दिसतं, बाजूने टाकला की झिजलेलं सगळं उघडं पडतं, हे तुझंच शिकवणं. तुझी प्रतिमावहिनी आठवडाभर ताट मांडीवर घेऊन जेवतेय आणि माझ्या कडाप्प्याचा उद्धार करतेय. फोटो हललेलेच.

मला एका जागी बसवेना. नाणी काढायची, लावायची, परत काढायची. शेवटी गुरुवारी कॅमेऱ्याला टायमर लावला, बटण दाबलं आणि हात मागे घेतला. त्याचा त्याने फोटो काढला. ‘छत्रपति’मधली वेलांटी अशी स्वच्छ आली की नख लावून बघावी. मग हाताने काढला, हलला. पुन्हा टायमर, स्वच्छ. मेट्रो, कडाप्पा, स्टँड, सगळे निर्दोष सुटले.

तरी मी ऐकतोय होय? म्हटलं, कॉफी जास्त होतेय. कॉफी सोडली. म्हटलं, झोप कमी पडतेय. दुपारी झोपून बघितलं. म्हटलं, वय झालं, सगळ्यांचंच होतं. रोज सकाळी एक नवीन सबब सापडते आणि संध्याकाळपर्यंत पुरते.

आमचे अण्णा तुला आठवतात ना? सुट्टीत तू मिरजेला आमच्या घरी यायचास, तेव्हा त्यांचा कप बशीत वाजायला लागला होता. आईने गुपचूप त्यांना अर्धा कप चहा द्यायला सुरुवात केली. घरात कुणी चकार शब्द काढला नाही. अण्णाच म्हणायचे, हल्ली चहा कमीच बरा. पुढे त्यांच्या शर्टाची बटणं मी लावायचो आणि ते भिंतीकडे बघत राहायचे.

सोमवारपासून प्रतिमा मला अर्धा कप चहा देतेय. कप ठेवते आणि लगेच आत जाऊन मिक्सर लावते. मीही तो अर्धा कप पिऊन टाकतो. भीती वाटते रे, योग्या. मला भिंतीकडे बघत बसायचं नाही.

आता कारण. आपला नियम तूच घातलास, की आपल्या नाण्याची प्रत आपण लावायची नाही. आपलं नाणं झिजलेलं असलं तरी माणूस म्हणतो, छे, ठसाच मुळात कच्चा पडला होता. मी महिनाभर स्वतःबद्दल तेच म्हणतोय. माझं अक्षर तुझ्याइतकं कुणी ओळखत नाही, चार वर्षं माझ्याच वह्या उतरवून पास झालास. म्हणून हे हाताने लिहिलं, एका बैठकीत, कुठेही न थांबता आणि पुन्हा न उतरवता. दिवा बाजूने लाव, भिंग घे आणि दुसऱ्याच्या नाण्याला लावतोस तशी कडक प्रत लाव. दोस्तीची सूट नको. फोन करू नकोस, फोनवर तू खोटं बोलशील. लिहून पाठव. झीज आहे म्हणालास, तर आधी प्रतिमाशी बोलेन, मग दोघं डॉक्टरकडे जाऊ. एवढं एकच नीट बघ, पहिल्या ओळीपेक्षा ही शेवटची ओळ बारीक झालीय का? अण्णांचं अक्षर तसंच बारीक होत जायचं. मला विचारशील तर मला सगळ्या ओळी सारख्याच दिसतायत.

तुझाच,
सुहास