परक्या मशीनमधली फ्लॉपी

काका, तुमची ती निळी फ्लॉपी अजून माझ्याकडं आहे. वर चिकटवलेल्या कागदावर तुमच्या हातचं ‘मोठीची पत्रिका’ लिहिलेलं आहे, शाई फिकी झाली, पण वाचता येतं. सांगली सोडल्यावर मी इचलकरंजीला राहिलो, पुण्यात राहिलो, वापीला राहिलो, आता सुरतेत आहे. मधल्या काळात ट्रंक बदलली, गादी बदलली, एका खोलीतनं तर अंगावरचे सोडून सगळे कपडे चोरीला गेले, पण ही राहिली. तुम्ही म्हणायचा, “ह्याच्या पायाला भिंगरी हाय, ह्याला काम शिकवायचं तर आधी खुर्चीला बांधाय पायजे.” आता तसा बांधलेलाच आहे. साड्यांच्या खोक्यांवरची लेबलं करतो. मोर, कमळ, हसणारी बाई, आणि खाली व्यापाऱ्याचं नाव गुजरातीत. गुजराती वाचायला आलं, बोलायला अजून नीट येत नाही. बोलण्याइतकं कोण विचारतही नाही म्हणा. लेबलांच्या शीटची मागची बाजू कोरी असते, तिच्यावरच हे लिहितोय.

तुमच्याकडं मी आलो तेव्हा नववीतनं शाळा सोडून वर्ष झालं होतं. कोयनानगरहून यष्टीनं कराड, कराडहून सांगली, पाठीवर वळकटी. तुम्ही तोवर बोर्ड रंगवायचं सोडून पुढच्या खोलीत कुणाचा तरी जुना मॅक कॉम्प्युटर आणून बसवला होता, आणि गल्लीतली माणसं खिडकीतनं बघून जायची, पेंटरला टीव्ही परवडला म्हणून. मी कीबोर्डला पहिल्यांदा हात लावला तेव्हा बोटं कापत होती. तुम्ही काकूला हाक मारून म्हणालात, “आवं, बघा, कोयनेचं पोरगं आणलंय, भूकंप संगं घेऊनच आलंय.” काकू आतनं म्हणाली, “उपाशी आसंल. चहा द्या आधी, मग हसा.” मशीनच्या खोलीत चहा आणायचा नाही हा तुमचा नियम, म्हणून चहा कायम स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभ्यानं. माझी शाळा तिथंच झाली असं म्हटलं तरी चालेल.

त्या ओट्याजवळचा एक दिवस मला जसाच्या तसा दिसतो. एका गिऱ्हाइकाचं काम फ्लॉपीवर घालून तुम्ही मला मिरजेच्या प्रेसमध्ये पाठवलं होतं. त्यांच्याकडं साधा पीसी. फ्लॉपी घातल्या घातल्या मशीननं विचारलं, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? प्रेसवाला म्हणाला, कोरीच दिलीय तुझ्या मालकानं, आणि त्यानं हो म्हणून बटण दाबलं, आतलं सगळं काम पुसलं गेलं. मी बाजूला उभा होतो, मलाही खरंच वाटलं की तुमच्याकडनं चुकून कोरी आली असणार. परत येऊन सांगितलं तर तुम्ही ओरडला नाहीत. त्याचंच जास्त लागलं. काकू भाकरी थापत होती, तिच्यापुढची परात तुम्ही ओढून घेतली आणि ज्वारीच्या पिठात बोटानं काहीतरी वळणाचं लिहिलं. “वाच.” मला येईना. “काय लिवलंय?” मी म्हटलं, नुसत्या रेघा आहेत. “मोडी हाय ती. माझ्या आज्याला विचारलं आसतंस तर घडाघडा वाचला आसता. परात तीच, पीठ तेच, बोट बी तेच. तुला वाचता येत न्हाई म्हणून तू म्हणतोस, काय लिवलंच न्हाई. ते मशीन बी तसंच. त्याला आपली लिपी ठावं न्हाई, की ते लगेच म्हणतंय पाटी कोरी हाय, पुसू का? मशीन विचारतंय म्हंजी त्याला म्हाईत न्हाई. म्हाईत नसणाऱ्याला हो म्हणायचं नसतंय.” काकू म्हणाली, “झालं का पंडितजी? परात द्या हिकडं, तवा तापलाय.” तुम्ही परात दिली, आणि तुम्ही लिहिलेलं त्याच पिठातनं भाकरीत गेलं.

तेव्हापासून प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातली ती खिटी सरकवून ठेवायची सवय लागली, म्हणजे कुणी हो म्हटलं तरी पुसता येत नाही. आणि दुसरी तुमची रीत, महत्त्वाचं काम असलं की तीन फ्लॉप्या. एक दुकानात, एक घरातल्या कपाटात, एक माझ्याबरोबर कोयनेला. गिऱ्हाइकं हसायची. तुम्ही म्हणायचा, “हितं कृष्णामाईचा पूर, तिकडं ह्याच्या गावाला भूकंप. दोन्ही एकदम यायचं न्हाईत, देवाला बी काय कामं असत्यात.” तुमच्या थोरल्या लेकीच्या, मोठीच्या, लग्नाच्या पत्रिकेसाठी तुम्ही तुमचं स्वतःचं अक्षर मशीनमध्ये घालायला बसला, बोर्डावर ब्रशनं काढायचा तेच, वेलांटीला शेवटी थोडी मान वाकडी करणारं. एकेक अक्षर कागदावर काढून द्यायचा आणि मी माऊसनं त्याच्या कडेकडेनं ठिपके बसवायचो. ‘क्ष’ला एक अख्खी संध्याकाळ गेली होती. पत्रिका छापून आली तेव्हा लोक म्हणाले, हाताची आहे का छापलेली? तुम्ही नुसते मिशीत हसला. धाकटी तेव्हा शाळेत होती, रुसून बसली, माझी पण अशीच पाहिजे. “तुझी याच्यापरीस भारी करू,” असं तुम्ही म्हणाला होता. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

मग दुकान गेलं, मशीन कुणीतरी पुण्याला नेलं, मी पण निघालो. काकूला दिवाळीला तेवढा फोन करायचो. यंदा केला तर काकू म्हणाली, “धाकटीचं ठरलं रं. साताऱ्याचं स्थळ हाय, कारखान्यावर केमिस्ट हाय पोरगा. सगळं चांगलं हाय, पण ही हट्टाला पेटलीया. पत्रिका बाबांच्या अक्षरातली पायजे, न्हाईतर छापूच नका म्हणती. घरातल्या फ्लॉपीला तर बुरशी आलीया. तुझ्याकडं हाय का रं एक?” तेवढ्यात फोन धाकटीनं ओढून घेतला. “दादा, हाय ना? टाकून दिली न्हाईस न्हवं?” मी म्हटलं, “हाय की.” मग काकू परत आली आणि तिनं विचारलं, “जेवतोस का वेळेवर? भाकरी मिळती का तिकडं?” काका, सुरतेत मला हे कुणी विचारलेलं नाही.

म्हणून शोध सुरू झाला. मी शिकलेला नाही, मला वाटलं प्रोग्राम मिळाला की झालं. आमच्या इथल्या पीसीत घालून बघितली, त्यानं मिरजेच्याच शब्दांत विचारलं. शेजारच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, “खाली छे, फॉर्मेट करी नाख,” म्हणजे रिकामी आहे, करून टाक, आणि त्याचं बोट बटणाकडं गेलंसुद्धा. खिटी सरकवलेली आहे हे माहीत असून मी त्याचा हात झटकला. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, म्हणजे तसाही फार बोलत नव्हता. मग एकानं मॅकच्या डिस्क पीसीत वाचणारा प्रोग्राम आणून दिला, त्यातही काही दिसेना. शेवटी एका रिपेअरवाल्यानं सांगितलं, ही जुन्या मॅकची आहे, त्यात डिस्क फिरताना आपला वेग बदलते, आणि आमचा ड्राइव्ह एकाच चालीनं फिरवतो, त्यामुळं कसलाही प्रोग्राम घाल, इथं काही हाताला लागायचं नाही. मॅकच शोध. मोठीची छापील पत्रिका काकूकडं होती, तिच्यातली अक्षरं कापून जोडता येतील असंही मनात आलं, पण नवऱ्या मुलाच्या आडनावातलं जोडाक्षर तिच्यात कुठंच नाही. तुम्हीच काढलेलं, पण फक्त फ्लॉपीत असलेलं.

दर रविवारी फोनच्या बूथवरनं काकूला कळवायचो. आधी वर्षातनं एकदा करणारा मी, आता रविवार कधी येतो याची वाट बघायला लागलो. सकाळी दाढी करून जायचो, फोनवर दाढी दिसत नाही हे मला पण कळतं. फोन लागला की काकू नमस्कार न चमत्कार, “उघडली का रं?” मी म्हणायचो, अजून न्हाई. मग ती धीर द्यायची, धाकटी चिडवायची, “दादा, माझी पोरं मोठी झाल्यावर उघडणार हायस का?” मग साताऱ्याची माणसं कशी आहेत, सासूनं कुठल्या रंगाची पैठणी बघितली, नदीला पाणी किती आहे, शेजारच्यांचं मांजर परत व्यालं, सगळं मला सांगायची. मी त्या घरातला असल्यासारखा हूं हूं करायचो.

गेल्या गुरुवारी मॅक सापडला. जाहिरातीची कामं करणारं एक ऑफिस आहे, तिथल्या बेननं, म्हणजे बाईंनी, जेवणाच्या सुट्टीत बसू दिलं. फ्लॉपी आत गेली, तोच घरघर आवाज, थांबत, वेग बदलत, आणि पडद्यावर फ्लॉपीचं छोटं चित्र आलं. कुणी काही विचारलं नाही. मी घाईनं पत्रिका उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, अर्थ नसलेली, मधेमधे चिन्हं. बेन वाकून म्हणाली, “आ कई भाषा छे?” मी म्हटलं मराठी. तिनं मान हलवली आणि डबा घेऊन बाहेर गेली. मी टेबलावर बोटं ठेवली. डोळ्यांना कळत नव्हतं, पण बोटांना कळत होतं कुठल्या बटणाला कुठलं अक्षर. टेबलावर आपटत आपटत पहिली ओळ लागली, कुलदैवताची. मग तुम्ही फायलीबरोबर फाँट, म्हणजे त्या अक्षरांचा संच, ठेवायचा हे आठवलं, भाकरीबरोबर चटणी बांधून द्यावी तसा तो तिथंच होता. बसवला, आणि पत्रिका उभी राहिली, वेलांटीची मान वाकडी करून. तुम्ही बोर्ड रंगवून मागं सरकून बघायचा, तसा मी खुर्ची सरकवून बघत राहिलो.

मोठीचं नाव काढून धाकटीचं घातलं. नवऱ्या मुलाचं आडनाव टाइप केलं, जोडाक्षर आलं. मग तुमच्या नावापाशी आलो. खाली निमंत्रकात होतं तिथनं काढून वर मुलीच्या नावाखाली घेतलं, आणि त्याच्या आधी ‘कै.’ लिहायचं होतं. तुमच्याच अक्षरात ते लिहायचं, आणि लिहिणारा मी. तुम्ही ‘क’ काढून दिला तेव्हा तो इथं लागेल असं दोघांच्याही मनात नव्हतं. लिहिलं. ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढला, पाकिटात घातला. पाकिटावर काकूचा पत्ता लिहून ठेवला आहे. सांगलीला प्रेसवाल्यानं त्यावरनं नुसती छपाईची प्लेट करायची, लग्नाला दिवस भरपूर आहेत, काळजी करू नका.

तुम्हाला हे पत्र कुठं पाठवू? राहील इथंच लेबलांच्या गठ्ठ्यात. पण झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला करमायचं नाही.

काल रविवार होता. बूथवर गेलो, पाकीट काखेत होतं. काकूनं पहिल्याच घंटीला फोन उचलला. “उघडली का रं?” मागं धाकटी काहीतरी हसत होती, भांड्यांचा आवाज येत होता. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि एकदम वाटलं, आता हो म्हटलं की पाकीट जाईल, पत्रिका छापली जाईल, लग्न होईल, काकू कामात बुडेल, आणि मग पुढल्या रविवारी मी कशासाठी फोन करू?

“न्हाई, काकू. अजून न्हाई.”

“आसू दे. सापडंल कुणीतरी,” काकू म्हणाली. “जेवलास का?”

जेवलो नव्हतो. जेवलो म्हणालो. पाकीट मंगळवारी टाकणार आहे, नक्की टाकणार आहे. पण त्या वेळी मी रिसीव्हर कानाला घट्ट धरून उभा राहिलो, ती पुढचं बोलेपर्यंत.

“बरं मग, पुढल्या रविवारी कर.”