बैलाला हळद, धुरकऱ्याला गोणपाट

मी, गोजराबाई बेवा जानराव राऊत, उमर अदमासे पंचावन्न, धंदा बागवानी, राहणार वाशीम, जिल्हा अकोला, आज हे मृत्युपत्र माझ्या तोंडाने सांगून लिहवून ठेवते. पोटाच्या दुखण्याने शरीर खंगले आहे, डोके खंगलेले नाही. मला कोणी फितवलेले नाही. बाईने रागाच्या भरात लिहून दिले असे माझा मुलगा उद्या कोर्टात म्हणेल, तर त्याला आत्ताच सांगते की राग आहेच. शुद्धीवर असलेल्या माणसालाच असा राग येतो.

कलम पहिले. वाशीमच्या वेशीबाहेर नाल्याकाठी माझी भाजीची वाडी आहे. विहीर, मोट, एक झोपडी आणि बांधावरची लिंबाची झाडे यांसह ती माझी स्वकष्टाची आहे. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी यांच्या पाट्या डोक्यावर वाहून बाजारात विकल्या, त्यातून ही वाडी घेतली आणि खरेदीखत माझ्याच नावाने केले. सासऱ्याचे एक ढेकूळही त्यात नाही. म्हणून ती कोणाला द्यायची हे मीच ठरवणार.

कलम दुसरे. वाडीची वाटणी सांगण्याआधी माझ्या मालकांचे, म्हणजे जानरावांचे, सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचे कोणाला उमजणार नाही. जानराव हे शंकरपटातले, म्हणजे बैलांच्या शर्यतीतले, धुरकरी होते. पटात बैलांची जोडी मालकाची असते, छकडा मालकाचा असतो, आणि धुरेवर बसून ती जोडी वाऱ्यासारखी पळवणारा तो धुरकरी. जिंकले तर फेटा मालकाला. छकडा उलटला तर हाडे धुरकऱ्याची.

जानराव हे रंगराव पाटलांची जोडी हाकत. किन्हीराजा गावच्या पटात चाक दगडावर चढले, छकडा उलटला आणि माझ्या मालकांच्या कंबरेवरून गेला. रंगराव धावत आले. आले ते बैलांकडे. बैलाच्या गुडघ्याला खरचटले होते, त्याला तेल-हळद लावली, पाठीवर झूल घातली, जनावरांच्या सालोत्र्याला बोलावणे धाडले. माझ्या मालकांना बाभळीखाली गोणपाटावर टाकून ठेवले होते. त्यांना दमणीच्या बैलगाडीत घालून वाशीमच्या दवाखान्यात आणले ते उस्मानने. उस्मान त्या दिवशी समोरच्या जोडीचा धुरकरी होता. स्वतःची पाळी सोडून तो आला.

माझे मालक पुन्हा उठले नाहीत. वर्षानुवर्षे बाजेवर पडून होते. रंगराव एकदाच घरी आले. मला वाटले, विचारपूस करायला आले असतील. बाजेजवळ उभे राहून म्हणाले, "जानराव, तो उजवा बैल आता उचल घेत नाई. तू त्याले काय हाक देत होता? सांग ना."

माझ्या मालकांनी हाक सांगितली. नीट, दोनदा म्हणून दाखवली. रंगराव "बरं" म्हणून निघून गेले. पाणीसुद्धा घेतले नाही. मी त्या दिवशी चुलीपुढे बसून राहिले आणि मला भाकरी थापता आली नाही.

कलम तिसरे. माझे मालक वारल्यावर उस्मानने धुरकऱ्यांची एकी करायचे, त्यांचे मंडळ बांधायचे मनावर घेतले. कापसाच्या जिन-कारखान्यातल्या मजुरांनी युनियन केली होती, ती त्याने पाहिली होती. सगळे धुरकरी माझ्या वाडीत जमले. मागणे मोठे नव्हते. धुरकरी पडला तर तो उठेपर्यंत त्याच्या घरी मालकाने ज्वारी घालावी. पटाआधी वाटेतले दगड वेचावेत. आणि जिंकल्यावर मालकाच्या नावासोबत धुरकऱ्याचेही नाव पुकारावे.

लोक म्हणतात की ही एकी उस्मानच्या डोक्यातले खूळ होते. मी तिथे होते, मी सांगते. वाद झाला, आणि तो बरोबरीचा वाद होता. एक म्हातारा धुरकरी म्हणाला, "आपन काय जिनातले मजूर हाओत? हा मर्दाचा खेय हाय. खेयात मजुरी मांगाची आस्ते का?" उस्मान म्हणाला, "चाचा, खेळ मालकाचा हाय. आपली तं कंबर हाय."

तेव्हा माझा मुलगा शालिग्राम उभा राहिला. बापाच्या जागेवर रंगरावांनी त्याला बसवले होते, आणि त्या हंगामात तो कुठे हरला नव्हता. म्हणाला, "मी जिकून राह्यलो. मले कायले पाह्यजे एकी? जे हारतात त्यायनं करा."

मी म्हटले, "तुहा बाप बी जिकतच होता."

तो माझ्याकडे न बघता निघून गेला.

कलम चौथे. यंदा संक्रांतीनंतर किन्हीराजाचा पट भरला. मागणे कबूल होईपर्यंत हाकणार नाही म्हणून धुरकऱ्यांनी बैल हाकायच्या पराण्या जमिनीवर ठेवल्या आणि बाभळीखाली बसले. शेवटी शालिग्रामही त्यांच्यात येऊन बसला. मी गाजराची पाटी घेऊन तिथेच होते. मालक लोक हसले, मग चिडले. रंगराव पुढे येऊन उस्मानला म्हणाले, "जखमी बैल मी सांभाळतो, काहून का तो माहा हाय. मानूस काय माहा हाय?"

हे वाक्य मी जसेच्या तसे लिहायला सांगितले आहे. धुरकऱ्यांनी एकी करावी की नाही, असे यापुढे कोणी विचारले तर त्याला हे कलम वाचून दाखवावे.

त्यानंतर शालिग्राम उठला. पराणी उचलली, जोडी जुंपली आणि पळवली. तो पळाला म्हणून दुसरा उठला, मग तिसरा. दिवस मावळायच्या आत उस्मान एकटाच बसून राहिला. आता त्याला कोणी जोडी देत नाही. तो जिनाला कापसाच्या गाड्या वाहतो.

दुसऱ्या दिवशी शालिग्राम गुलालाने माखलेला वाडीत आला. मी वाफ्याला पाणी देत होते.

"माय, जिकलो."

"नाव कोनाचं पुकारलं?"

त्याने कपाळावरचा गुलाल पुसला. मग म्हणाला, "रंगराव पाटलाची जोडी, असं."

"मंग पाटलाच्या मायले सांग जाऊन," मी म्हटले, आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवले.

कलम पाचवे. तर वाटणी अशी. वाडीचा विहिरीकडचा अर्धा भाग माझी मुलगी गिरजा हिला. उरलेला अर्धा भाग आणि झोपडी धुरकऱ्यांच्या मंडळाला. इथे लिहिणारे अर्जनवीस थांबले. म्हणाले, "बाई, मंडळ मोडलं. नोंदलेलं बी नव्हतं. जे नाईच त्याले जमीन कशी देता?" मी म्हटले, "मंग उस्मानच्या आन् गिरजाच्या नावानं लिहा, आन् कायले देली ते खाली लिहा." म्हणून लिहिते: त्या भागाचे पीक पडलेल्या धुरकऱ्यांच्या घरी जावे, आणि ज्याला घर नाही त्याला झोपडीत ठेवावे. गिरजा व उस्मान यांनी ही व्यवस्था पाहावी. जमीन विकू नये.

माळ्याची बाई मुसलमानाच्या नावे जमीन लिहिते, अशी कुरकूर भाऊबंदांनी माझ्या कानावर घातली आहे. मी बाजारात भाजी विकायला जाई तेव्हा माझ्या मालकांचे अंग पुसायला, त्यांना पेज पाजायला उस्मानची बायको सकीना येत होती. भाऊबंदांपैकी कोण आले होते त्याने हात वर करावा. माझी तांब्याची मोठी घागर सकीनाला द्यावी.

कलम सहावे. रंगराव पाटलांना माझ्या तेरवीचे आवतण देऊ नये. आपणहून आले तर जेवू घालावे, पण पहिल्या पंगतीत बसवू नये.

कलम सातवे. शालिग्रामला वाडीतले काही नाही. त्याने मागू नये.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी अर्जनवीसांना कागद गुंडाळू दिला नाही. हे शेवटचे लिहून घ्यायला लावले. शालिग्राम अजून पट हाकतो. दगड कोणी वेचलेले नाहीत. ज्या दिवशी त्याचा छकडा उलटेल, त्या दिवशी पाटील बैलांकडेच धावणार. तेव्हा उस्मानने दमणी घेऊन जावे आणि त्याला झोपडीत आणावे. त्या दिवशी बाभळीखालून तू का उठलास, हे कोणी त्याला विचारू नये. मंडळ बसून राहिलेल्यांसाठी आहे तसे उठून गेलेल्यांसाठीही आहे. तसे नसेल तर रंगरावांत आणि आपल्यात फरक तो काय?

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्याच तोंडचा आहे, एकही शब्द लिहिणाऱ्याच्या पदरचा नाही. खाली अंगठा उठवते.

निशाणी डावा अंगठा, गोजराबाई बेवा जानराव राऊत

साक्षीदार:
बदरुद्दीन, धंदा लोहारकी, राहणार वाशीम (सही)
हिरालाल, धंदा किराणा दुकान, राहणार वाशीम (सही)

मुक्काम वाशीम, तारीख ९ मार्च १९३९